खांबावरचा टिळा

हेंतालडांगा, कार्तिक अखेर, १९८८

दादा,

पंगतीतून रुसून उठणारे नवरदेवाचे काका मी पाहिले आहेत. बहिणीचा टिळा न घेता भाईफोंट्याच्या पाटावरून उठून गेलेला भाऊ मात्र तू पहिलाच. सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. चंदन उगाळलं, डाव्या हाताच्या करंगळीवर घेतलं, हात वर केला, तर समोर कपाळच नाही! धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला, एवढंच निमित्त. "हा बसणार असेल तर मी बसत नाही," म्हणालास. भोंबल म्हणाला, "दादा, घर आहे तोवर तरी बस ना." त्यावर तू त्याच्याकडे असं बघितलंस की मला वाटलं, आदल्या दिवशी बांधावर सगळ्यांदेखत दिलीस तशी आणखी एक देतोस. पण तू वहिनीची ट्रंक उचललीस आणि त्यांना घेऊन धक्क्याची वाट धरलीस.

भावासाठी उगाळलेलं चंदन वाया घालवायचं नसतं. भाऊ परगावी असला की त्याचा टिळा घराच्या खांबाला लावतात, आई मामासाठी लावायची तसा. मी तो मधल्या खांबाला लावला. तू तेव्हा अजून धक्क्यावरच होतास, लाँच यायची होती. हाकेच्या अंतरावरच्या भावाचा टिळा खांबाला लावणारी बहीणही मी पहिलीच असेन.

भोंबलनं मग काय केलं ठाऊक आहे? आपला टिळा लावून घेतला, माझ्या पाया पडला आणि त्या खांबाच्या बुंध्याला वाकून हात लावला. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणतो, "दादाच्या पाया पडायचं राहिलं ना." तुझ्या वाटचे नारळाचे लाडूही त्यानंच खाल्ले. त्यात मात्र भक्तिभाव नव्हता, नुसती भूक होती.

तू गेलास तो रागानं, आणि राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. आश्विनातल्या उधाणानं बाहेरचा बांध फुटला, नवा बांध आत सरकवून घालायचा ठरला, आणि तो कुठून न्यायचा याच्या खुंट्या ठोकायचं काम पंचायतीचा प्रधान म्हणून आपल्या भोंबलकडं आलं. माती तेवढीच, माणसं तेवढीच, पुढचं उधाण तोंडावर. बांधाच्या आत एक तर आपलं घर राहणार, नाही तर पूबपाड्याची सगळी वस्ती. त्यानं लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या आपल्या अंगणाच्या आतून ठोकल्या. घर, पोखरणीचं तळं, बाबांनी मिठातून सोडवलेली भातशेती, सगळं नदीच्या बाजूला गेलं. तू खुंट्या उपटून पूबपाड्याच्या आतल्या बाजूला रोवल्यास. त्यानं गाल चोळत त्या परत उपटल्या आणि होत्या तिथं ठोकल्या.

"मतांसाठी केलंस!" तू ओरडलास. दादा, पूबपाड्याची मतं? पंचायतीच्या निवडणुकीत त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा पाडला तो पूबपाड्याच्या जलधर पात्रनं. त्या पाड्यात भोंबलला कुणी पाणी विचारत नाही.

मी विधवा होऊन ज्या घरात परत आले, ते हे घर. गेलं तर सगळ्यात जास्त माझं जाणार आहे. मी त्याला विचारलं, "माझं काय?" तो म्हणाला, "दीदी, आपल्याला कुणीही आसरा देईल. त्यांना कोण देणार?" मला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही खरं आहे.

पोचलास की कळव. दिगलीपूर अंदमानात असलं तरी तिथंही टपाल जातं म्हणे.

तुझी टगर


हेंतालडांगा, भाईफोंटा, १९९१

दादा,

तिसऱ्या वर्षीही उत्तर नाही. असू दे. तुझा हट्ट मला माहीत आहे, लहानपणी एकदा तू दुधाच्या वाटीवर रुसून दुपारपर्यंत चिंचेवर बसला होतास.

घर गेलं. एकदम गेलं नाही, प्रत्येक उधाणाला थोडं थोडं गेलं. शेवटी मातीच्या भिंती बसल्या तेव्हा भोंबल गुडघाभर चिखलात उतरला. मला वाटलं, बाबांची पेटी आणतोय. त्यानं मधला सुंदरीच्या लाकडाचा खांब हलवून हलवून उपटला आणि खांद्यावर घेऊन आला. नवं घर बाकी बांबूचं आहे, मधे तेवढा आपला खांब. त्याला तू समजून आम्ही वागवतो. ओला कपडा कुणी टांगला की भोंबल ओरडतो, "दादाच्या अंगावर काय टाकता?"

बातमी अशी की तो विधानसभेला उभा राहिला आणि पडला. कसा पडला ते ऐक. आपल्या पाड्यानं मत दिलं नाही, कारण त्यानं घर बुडवलं. "जो स्वतःचं घर राखत नाही तो आमचं काय राखणार?" असं प्रत्यक्ष मावशीनं चारचौघांत विचारलं. पूबपाड्यानंही दिलं नाही, कारण त्यांचा पक्ष वेगळा. जलधरनं शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'ज्याला घर नाही, त्याला मत कशाला?' लिहिताना त्याचा चुना संपला. भोंबल तिथून चालला होता. त्यानं आपली चुन्याची बादली त्याला दिली आणि म्हणाला, "पुरं कर बाबा, अर्धवट लिहिलेलं वाईट दिसतं." जलधर म्हणाला, "चुन्यानं माझं मत फिरणार नाही." भोंबल म्हणाला, "मत नको, बादली परत दे."

मी रडले, दादा. निकाल लागला त्या दिवशी तो कॅनिंगहून आला तेव्हा मला वाटलं होतं, तोंड लपवत येईल. तो आला तो मागं मोठ्या इंजिनिअर साहेबांना घेऊनच. हे साहेब दर वर्षी येतात, लाँचमधूनच दुर्बीण लावून बांध बघतात, चहा पितात आणि जातात. यंदा भोंबलनं चहाला एवढा उशीर लावला, एवढा उशीर लावला, की ओहोटी लागली आणि लाँच चिखलात बसली. आता पुढची भरती येईपर्यंत करणार काय? "साहेब, बसून कंटाळाल. चला, बांधावरून फेरी मारू." साहेबांनी बूट हातात घेतले आणि आख्खा बांध पायी पाहिला. दोनदा घसरून पडले. पावसाळा संपताच सरकारी माती आली, ती त्या पडण्यातून आली.

पडलेल्या माणसाला कोण विचारतो? तरी तो त्याच दिवशी कामाला लागला. मी हे कौतुकानं लिहिते आहे, तुला झोंबलं तर झोंबू दे.

टगर


हेंतालडांगा, भाईफोंट्याचा दुसरा दिवस, १९९६

दादा,

तुझा भोंबल आमदार झाला, आणि वर मंत्रीही झाला. अर्धा मंत्री, म्हणजे ज्यांना मोटार मिळते पण कुणी विचारत नाही तसला. इथं बेटावर रस्ता नाही, म्हणून मोटार पलीकडच्या काठाला उभी असते आणि कावळे तिच्यावर बसतात. पोरं खास लाँचनं ती बघायला जातात.

पूबपाड्यानं या वेळीही मत दिलं नाही. जलधर स्वतः येऊन सांगून गेला. "दीदी, मनात काही ठेवू नका. तुमचा भाऊ माणूस चांगला, पक्ष वाईट." मी म्हटलं, "तुझा पक्ष चांगला, माणसं वाईट." तो हसत गेला आणि संध्याकाळी पारशे मासे पाठवून दिले.

काल मंत्रीमहाराज भाईफोंट्याला आले. बरोबर बंदूकवाला पोलीस, तिकडच्या कोरड्या सिउडीचा, नाव अनंग. त्याला पोहता येत नाही. नदी ओलांडताना त्यानं मंत्र्याचा हात धरला होता, म्हणजे कोण कोणाचं रक्षण करत होतं ते तूच ठरव. भोंबल पाटावर बसला, टिळा लावून घेतला, माझ्या पाया पडला. मग मी खांबाला तुझा टिळा लावला, आणि मंत्री गुडघ्यावर बसून खांबाच्या पाया पडले. अनंग बिचारा गोंधळला. माझ्या कानात म्हणाला, "दीदी, हा कोणता देव?" मी म्हटलं, "देव नाही, आमचा मोठा भाऊ. रागीट आहे, म्हणून बोलत नाही." त्यावर त्यानंही बंदूक बाजूला ठेवून नमस्कार केला. तेव्हा एका बंदूकवाल्याचाही नमस्कार तुझ्या खात्यावर जमा आहे.

आणखी एक. भाद्रपदात पोर्ट ब्लेअरच्या जहाजावरचा एक खलाशी धक्क्यावर सुपारीची पिशवी ठेवून गेला. चिठ्ठी नाही, नाव नाही. "हेंतालडांग्याला गायेनांकडे," एवढा आपला पत्ता. भोंबल सुपारी खात नाही, तुला माहीत आहे. त्यानं एक फोडून तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "कडक आहे. दादाचीच." उरलेल्या त्यानं कोलकात्याला नेल्या. मंत्र्यांच्या बैठकीत खातो म्हणे. तिथं एवढं गोड बोलतात की तोंडात काही कडक लागतं.

ये ना रे. सुपारी पाठवणारा माणूस स्वतःही येऊ शकतो.

टगर


हेंतालडांगा, अग्रहायण, २००२

दादा,

कोलकात्याच्या वर्तमानपत्रात आलं असेल, पण ते तिथं पोचतं की नाही कोण जाणे. भोंबल आता मंत्री नाही. पुढच्या वेळी पक्ष त्याला उभं करणार नाही, हेही ठरल्यासारखं आहे.

झालं असं. पश्चिमेकडच्या वळणावर त्याच्याच पक्षाच्या एका बड्या माणसानं कोळंबीची तळी केली. कोळंबीला खारं पाणी लागतं, म्हणून त्यानं बांध पोखरून नळ घातला. बांधाला भोक पाडलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको. लोक भोंबलकडे गेले. त्यानं वर बोलणं केलं, एकदा, दोनदा. वरून सांगितलं, "निवडणुकीला ज्याच्या होड्या वापरतो, त्याचा नळ दिसत नसतो." मग एका सकाळी मंत्री धोतर खोचून कुदळ घेऊन गेला आणि त्यानं स्वतः तो नळ उपटून चिखलानं भोक बुजवलं. बरोबर कोण होतं? आपल्या पाड्यातले दोघे आणि पूबपाड्याचा जलधर. जलधर आला तो शिव्या देतच. "तुझ्या पक्षाची घाण मी का उपसू?" असं म्हणत म्हणत सगळ्यात जास्त पाट्या त्यानंच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मोटार गेली, अनंग गेला. जाताना अनंग रडला. मला म्हणाला, "दीदी, यांच्याबरोबर राहून मला पाण्याची भीती गेली, आता पुन्हा कोरड्यात जातोय."

मी भोंबलला विचारलं, "वाईट वाटतं का?" लपवाछपवी त्याला जमत नाही. म्हणाला, "वाटतं. खुर्ची मऊ होती." मग खांबाकडं बघून म्हणाला, "दादा असता तर म्हणाला असता, घर घालवलंस, आता खुर्चीही घालवलीस, तुझ्याकडे टिकतं काय?" मी म्हटलं, "बांध टिकतो." त्याला ते आवडलं, मला दिसलं.

दादा, तू त्याला मतांचा लोभी म्हणालास. चौदा वर्षं मी जवळून बघते आहे. मला त्याचा इतका अभिमान वाटतो की कधी कधी त्याच्याशी मुद्दाम भांडते, नाही तर चेहऱ्यावर दिसेल. हे तुला आज सरळ लिहिते. तो थकतो आहे. डोक्यावरचे केस गेले, गुडघे कुरकुरतात, खांबापुढं वाकला की उठायला हात द्यावा लागतो. किती वर्षं खांबाच्या पाया पडायचं त्यानं?

टगर


पूबपाड्याची शाळा, ज्येष्ठ, २००९

दादा,

मी जिवंत आहे. रेडिओवर आयला वादळाचं ऐकलं असशील, म्हणून आधी हे. भोंबलही आहे.

पश्चिमेकडचा बांध गेला, आपलं बांबूचं घर गेलं. पाणी आलं तेव्हा मी आत होते आणि भोंबल पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना काढायला गेला होता. मला होडीत ओढून घेतलं जलधरनं. वय झालंय त्याचं, धाप लागली होती, तरी तोंड चालूच. "दीदी, तुमच्या भावाला मत देणार नाही म्हणजे नाही. पण त्याच्या बहिणीला बुडू द्यायचं असं आमच्या पक्षात कुठं सांगितलेलं नाही."

त्या वेळच्या खुंट्यांवर घातलेला पूबपाड्याकडचा बांध टिकला. सगळं हेंतालडांगा आज इथं शाळेत आहे. आपल्या पाड्याची माणसं, ती मावशी, तिची नातवंडं, सगळी पूबपाड्याच्या चुलीवरची खिचडी खातायत. तू खुंट्या हलवल्या होत्यास तिथं त्या राहिल्या असत्या, तर आज ही शाळा नसती आणि आम्हीही नसतो. मी तुला टोमणा मारत नाही. जे आहे तेच लिहिते आहे.

खांब वाहून गेला होता. जलधरच्या मुलांना खाजणाच्या झाडांत अडकलेला सापडला. त्यांनी काही न विचारता आणून शाळेच्या ओसरीला टेकवून ठेवलाय.

टगर


हेंतालडांगा, भाईफोंटा, २००९

भोंबल,

हे पत्र दादाला नाही, तुला आहे. दादाला लिहायचं आता कारण उरलं नाही. तो माझ्यासमोर बसून मुरमुरे खातो आहे आणि विचारतो आहे, एवढं काय लिहितेस?

परवा लाँचमधून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उतरला. मी ओळखलंच नाही. ट्रंक ओळखली. "टगर, तू जिवंत आहेस हे ज्येष्ठातच कळलं," म्हणाला, "निघायला धीर व्हायला आश्विन उजाडला." वहिनी मागच्या वर्षी गेल्या, ते त्यानं धक्क्यावरच उभ्याउभ्या सांगितलं. मग मी भांडणार होते ते भांडले नाही.

तू नेमका आज नाहीस. साताळिया बेटावरच्या लोकांनी तुला बोलावलं आणि तू गेलास, हे मी दादाला सांगितलं. त्यानं विचारलं, "आता तो आमदार नाही, मंत्री नाही, प्रधानही नाही. मग त्याला कशाला बोलावतात?" उत्तर जलधरनं दिलं. तो चुना मागायला आला होता, पुढच्या निवडणुकीसाठी भिंत आत्ताच धरून ठेवायची म्हणे. "अहो, वादळात फुटलेले बांध सगळ्या बेटांवर आत सरकवायचे आहेत. कुणाचं घर बाहेर टाकायचं यावरून डोकी फुटतायत. साहेबाचं कुणी ऐकत नाही, पुढाऱ्याचं कुणी ऐकत नाही. सगळे म्हणतात, ज्यानं पहिली खुंटी स्वतःच्या अंगणात ठोकली त्याला आणा. त्यानं ठोकली की कुणी उपटत नाही."

दादानं मान खाली घातली. मी जलधरला डोळ्यांनी दटावलं, पण त्याला कसलं कळतंय!

दुपारी ओहोटीला आम्ही तिघं बांधावर गेलो. पाणी उतरलं की आपल्या पोखरणीच्या घाटाच्या दोन पायऱ्या अजून वर येतात, तुला माहीतच आहे. दादा त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पाठ फिरवली आणि आतल्या बाजूला बघितलं. शाळेला भाईफोंट्याची सुट्टी होती. पोरं बांधावरून गडगडत खाली येत होती, बाया जाळी वाळत घालत होत्या, कुणाच्या तरी घरी लग्नाचा मांडव पडत होता. "केवढी माणसं झाली रे इथं," दादा म्हणाला.

जलधर म्हणाला, "आणि सगळी तुमच्या भावाच्या विरोधात मत देणारी."

दादा हसला, भोंबल. आधी नाकातून, मग तोंडानं, मग बांधावर मटकन बसून, डोळे पुसत पुसत हसला. मला वाटतं, त्यातलं सगळंच हसणं नव्हतं. जलधरला वाटलं, आपण फार विनोदी बोललो. तो अजून सगळ्यांना तेच सांगत फिरतो आहे.

परत आल्यावर मी पाट मांडला. हात वर करताना मी त्या कपाळावरून नजर काढली नाही, कारण एकवीस वर्षांपूर्वी याच क्षणी ते निघून गेलं होतं. या वेळी ते जागेवर राहिलं. उलट थोडं पुढंच आलं. चंदन दाढीवर सांडलं ते मी पुसलं नाही.

मग तुझा टिळा. परगावी गेलेल्या भावाचा टिळा खांबाला, तुला वेगळा न्याय कशाला? खांब नव्या झोपडीत मधोमध रोवला आहे. मी टिळा लावला आणि बाजूला झाले. दादा उठला. मोठ्या भावानं धाकट्याच्या पाया पडायचं नसतं, म्हणून त्यानं आशीर्वादाच्या दूर्वा आणि भाताचे दाणे घेतले, टिळ्याच्या वर खांबाला टेकवले आणि हात तसाच ठेवून उभा राहिला. ज्या हातानं तुला मारलं होतं, तोच हात. "बरोबर ठोकली होतीस रे खुंटी," एवढंच म्हणाला, खांबाला.

तुला तोंडावर म्हणेल की नाही, मी हमी देत नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तुझे लाडू मात्र त्यानं खाल्ले. ते फिटले.

साताळियाची खुंटी ठोकून झाली की पहिल्या लाँचनं निघ. गुडघ्यांची काळजी करू नकोस, उठवायला दोघं आहोत. या खेपेला खांबापुढं वाकू नकोस. खरे पाय घरी आले आहेत.

दीदी